आठवी पायरी

दर शुक्रवारी, पुरवणीच्या तिसऱ्या पानावर,
तळाला, शब्दकोड्याच्या वर
माझे साडेतीनशे शब्द.
मालिकांना मी तारे देते.
पाचातले दोन. फार तर अडीच.
अर्धा तारा छपाईत नेहमी काळा पडतो.

सोळा वर्षं झाली.
या सोळा वर्षांत मी लिहिलं
की सुना झोपतानाही नथ काढत नाहीत,
की विष दुधातच का, ताकात का नाही,
की स्मृती गेलेल्या माणसाला
गॅस एजन्सीचा नंबर तेवढा पाठ असतो.
मालिका चालूच राहिल्या.
माझं सदरही.

चरईतल्या आमच्या इमारतीत
वरच्या मजल्यावर हेमलता प्रधान.
सकाळी दूध घेताना गाठतात:
"सगळं पटतं हो तुमचं. अगदी शब्द न् शब्द.
पण साडेआठला मी करू काय, ते नाही लिहीत तुम्ही."
यावर माझ्याकडे
अर्धाही तारा नसतो.

मार्चात ओट्याखालचं कपाट वाळवीनं खाल्लं.
लवू मेस्त्री आले, सावरकरनगरहून, स्कूटरवर,
मागे करवत बांधून.
भुशासाठी रद्दी मागितली.
अंथरता अंथरता थांबले.
चष्मा कपाळावरून खाली.
त्यांच्या गुडघ्याशी मी होते, तिसरं पान,
नावाशेजारी माझा दहा वर्षांपूर्वीचा फोटो.

"ह्यां तुमीच लिवलात?"
बोट एका ओळीवर.
तिथे मी लिहिलं होतं:
'या बंगल्यातला जिना कुठेच जात नाही.
अकरा महिने माणसं वर जाताहेत,
वरून कोणी उतरलेलं आठवत नाही.'
वाक्य मला आवडलं होतं. अजूनही आवडत होतं,
त्यांनी मान वर करेपर्यंत.

"जिनो माझो आसा," म्हणाले.
"घोडबंदराक. गायमुखाच्या आदी, पत्र्याच्या शेडमदी.
सातच पायऱ्यो. आठवी लावूक सांगूकच नाय कोणी.
म्होरां फळी. ती बाय वर जाता
नि फळयेर उकिडवी बसता,
कट म्हणीसर.
शालू नेसान. पंखो नाय."

पटाशी पुसली. मग, जरा वेळानं:
"वाजता काय तो?"
नाही, मी म्हटलं. एकदाही नाही वाजला.
"सागवान न्हय. पॅकिंगचा लाकूड.
दोन रात्रीत उभो केलंय."

संध्याकाळी भुसा गोळा झाला,
पण त्या पानाची पुडी त्यांनी केली नाही.
झटकलं, घडी घातली, वरच्या खिशात.
नाव नव्हतं त्यांचं त्यात.
"जिनो आसा मा," म्हणाले.

साडेआठला टीव्ही लावला.
ती चढली. मी पहिल्यांदाच
तिच्या तोंडाकडे बघितलं नाही.
एक, दोन, तीन करत सात.
मग ती चौकटीबाहेर,
आणि खाली सासू, वकील, मृत्युपत्र, ढोल,
जाहिराती वगळून चार मिनिटं,
आणि एवढा वेळ वर एक बाई
गुडघे पोटाशी घेऊन
श्वास बेतानं सोडत असणार.
डोक्यावर प्रधानांकडेही तोच ढोल,
क्षणभर मागे.

त्या आठवड्यात शेवटी एक वाक्य जोडलं:
'जिना मात्र भक्कम. एकही पायरी वाजत नाही.'
दोन तारे तसेच ठेवले. मालिका होती तशीच होती.

पान आलं. वाक्य नव्हतं.
जागा नव्हती मॅडम, फोनवर उपसंपादक,
पंचवीस वर्षांचा, गोड मुलगा.
तिथे कासारवडवलीच्या टॉवरची जाहिरात,
घरातल्या घरात गोल जिना,
त्याच्याकडे बघून हसणारं जोडपं.

मी त्या पायऱ्या मोजल्या.
पाच दिसतात.
पुढे किंमत छापलीय.