नमुना

अर्ध्या तासाच्या आत पोचवा, नर्स म्हणाली होती,
आणि थंड होऊ देऊ नका. अंगाशी धरा.

वादी कबीरहून घुब्रा. शनिवारची सकाळ, रस्ता मोकळा.
डबीवर माझं नाव, पासपोर्टातलं, वडिलांसकट,
आणि डबी वृंदाच्या काखेत, कुर्त्याच्या आत.
एसी बंद केला. बाहेर सेहेचाळीस.
दोघांच्या कपाळांवरून घाम सारखाच उतरत होता.

सहा वर्षं सुया तिला.
नळीत रंग सोडून काढलेले फोटो तिचे.
तासगावहून आलेली पुडी, कडू, अनशापोटी, तिलाच.
रुवीतल्या एका डोहाळजेवणात ओटी भरायच्या वेळी
तिला आत नारळ खवायला बसवलं. अगदी प्रेमानं.
मी बाहेर पुरुषांत. क्रिकेट चाललं होतं.

शाळेत असायचं, लिंग बदला.
बोका, भाटी. मोर, लांडोर. रेडा, म्हैस.
वांझ हा शब्द बाईंनी कधी घातलाच नाही.
घातला असता तर मी ती जागा कोरी सोडली असती
आणि मला पूर्ण मार्क मिळाले असते.

प्लांटवर मी समुद्राचं पाणी गोडं करतो.
दर दोन तासांनी नमुना घ्यायचा, तपासायचा, सही करायची.
एकदाही चुकलो नाही.
स्वतःचा द्यायला सहा वर्षं.

कुरुमच्या चढावर आईचा फोन. स्पीकरवर.
"संपली का रे तिची पुडी? अजून पाठवते."
वृंदा खिडकीबाहेर बघत राहिली, हात अंगाशी घट्ट.
मी म्हटलं, आई, आज तपासणी माझी आहे.
पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग आणखी एक.
"तुला काय धाड भरलीय," आई म्हणाली,
आणि बऱ्याच वेळानं, "गाडी चालवताना बोलू नये."

लॅबमध्ये घड्याळ पाहिलं. बावीस मिनिटं.
काचेमागच्या माणसानं मान वर न करता विचारलं,
पेशंट कोण?
सवयीनं वृंदा पुढे सरकली.
मग मी.

निकाल सोमवारी.
पार्किंगमध्ये तिनं बाही वर करून दाखवला
दंडाच्या आतल्या बाजूला झाकणाचा गोल वळ, लालभडक.
दुखतंय का, मी विचारलं.
सहा वर्षांत हे कितव्यांदा विचारलं, आठवेना.
"उकडतंय," ती म्हणाली, "आता तरी एसी लाव."