आतली कडी

कोपरखैरणे, सेक्टर पंधरा.
संस्थेचं पावतीपुस्तक माझ्याकडे असतं.
तुर्भ्याच्या आडत्याने बटाट्याची दोन पोती दिली,
मुलींसोबत फोटो हवा म्हणाला.
आम्ही पोत्यांचा काढून दिला.

दिघ्याचे चावीवाले यासीनभाई
दर महिन्याला शंभर देतात, सुटे.
या वेळी म्हणाले, पैसे नाहीत, काम सांगा.

काम शेवंतीने सांगितलं.
तीन महिन्यांत पहिल्यांदाच तिने काही मागितलं:
खोलीच्या दाराला कडी.
आतून.

बसवली. ती आत गेली.
कडी लागली, निघाली, लागली,
निघाली, लागली...
आम्ही बाहेर चहा गार करत उभे.

रकमेच्या रकान्यात काय लिहू?
यासीनभाई पेचकस पुसत म्हणाले,
"आवाज आला ना? बस."

रकाना कोराच आहे.
मार्चमध्ये हिशेबनीस विचारतील.