नवाची शेपटी

आम्ही अकरा जण होतो.
बारावा ड्वेन पोकॉर्नी, पण त्यानं ऑक्टोबरातच शाळा सोडली,
बापाचा हात मका सोलायच्या यंत्रात गेला म्हणून.
फोटोवाल्यानं यादी बघून बारा खुर्च्या मांडल्या
आणि आमच्यापैकी कुणीच त्याला काही सांगितलं नाही.

नेब्रास्काच्या नकाशात आमचं गाव घडीवर येतं.
चारदा उघडला की झिजून जातं.
धान्याचं एक उंच कोठार, एक ल्युथरन चर्च, एक कॅथलिक,
दोघांना सारखाच लागणारा एक बार,
आणि पाण्याची टाकी.

फुटबॉल आमच्याकडे आठ जणांचा.
सहा मुलगे आमच्या वर्गातले, दोन नववीतले,
हेल्मेट मानेपर्यंत येणारे.
मिस हाव्हेल्का टायपिंग शिकवायच्या,
यंत्रं नऊ, मुलं अकरा,
उरलेल्या दोघांनी नुसत्या टेबलावर बोटं आपटायची.
मी त्या दोघांतली.
अजून पोस्टाच्या काउंटरवर कुणी बोलत राहिलं
की माझी बोटं त्याचं बोलणं
लाकडावर उतरवून घेतात.

टाकीवर दर वर्षी शेवटच्या वर्गातले मुलगे
आपलं साल रंगवायचे.
आमच्या वर्षी मे निम्मा सरला तरी शेतं ओलीच,
मग वाळली तशी सगळी पोरं रात्रंदिवस पेरणीवर.
मर्ना टीट्झ म्हणाली,
म्हणजे काय, आपलं साल कोरंच ठेवायचं?
भावाचे बूट घालून ती वर चढली.
मी खाली, बॅटरी धरून,
वर बघून बघून मान अवघडलेली.

सात झाला.
नवाचा गोल झाला.
तेवढ्यात लांबून शेरिफच्या गाडीचे दिवे.
मी बॅटरी विझवली, तिच्या हातून ब्रश सुटला,
माझ्या खांद्याला चाटून गवतात गेला.
दिवे येत होते, येत होते,
आणि पोकॉर्नींच्या वळणावर थांबले.
थांबलेच.
त्या वेळात मर्ना एकेक पायरी चाचपत उतरली.
दातावर दात वाजत होते तिचे.
म्हणाली, शेपटी राहिली गं.

सकाळी गावानं वर पाहिलं तर सत्तर.
बघता बघता सत्तरच्या वर्गाचा विल्मर ड्व्होराक
छाती काढून फिरायला लागला.
आधी म्हणायचा, शिडी चढलो होतो.
काही वर्षांनी त्यात वारा आला,
मग वीज,
हल्ली तो एका हातानं लोंबकळलेला असतो.
आम्ही दोघी गप्प.
सांगितलं असतं तरी कुणाला पटलं असतं, त्या काळी?

शाळा नंतर बंद झाली, मुलं तालुक्याला जातात.
लायल स्वोबोडा अलास्कात मासे डबाबंद करतो,
जोलीन तीनदा विधवा झाली, तिन्ही वेळा चांगल्या माणसाची.
मागच्या उन्हाळ्यात पंचेचाळीस वर्षं झाली म्हणून जमलो,
सात जण, आणि ड्वेन.
त्याला मी पत्र टाकलं होतं. मनात आलं, टाकलं.

बटाट्याचं सॅलड संपत आलं तेव्हा मर्नानं
एकदाचं सांगून टाकलं. टाकी, बूट, ब्रश.
सगळे विल्मरच्या नावानं हसत सुटले.
ड्वेन प्लेटमधलं पुसून खात होता.
म्हणाला, ट्रॅक्टरवरून दिसत होता तुमचा उजेड.
शेरिफला मीच अडवला रस्त्यात,
वीस मिनिटं, हरवलेल्या गाईची गोष्ट सांगत.
रंग, खुणा, शिंग कसं मोडलं,
तो बिचारा सगळं लिहून घेत होता.

आमच्याकडे गाय कधी नव्हतीच, म्हणाला.

आता टाकीला नवा पांढरा रंग द्यायचं ठरलंय.
विल्मर विरोधात सह्या गोळा करत पोस्टात आला,
काठी टेकत, श्वास लागलेला.
मी सही केली.
पेनही त्याचंच होतं.