नमुना क्रमांक सात

पेजेच्या निवळीसारखं आगर बशीत थिजलं
की त्यावर जंतू पसरायचे कापसाच्या काडीने,
पार कडेपर्यंत, हात आखडता न घेता.
मग मधोमध कागदाची टिकली,
सहा मिलिमीटरची,
कलौंजीच्या तेलात भिजवलेली.
सदतीस अंश. एक रात्र.
सकाळी टिकलीभोवती खळं पडलेलं असतं
चंद्राला पडतं तसं.
त्या खळ्यात कुणी वाढत नाही.
मी ते पट्टीने मोजते.
हारामायाच्या प्रयोगशाळेत
मला पगार मिळतो तो एवढ्याचाच.

नमुना तीन, एकोणीस मिलिमीटर.
नमुना पाच, एकवीस.
नमुना सात, शून्य.
जंतू टिकलीला खेटून, निवांत,
कोवळ्या उन्हाला बसल्यासारखे.

सात म्हणजे अय मेफ्तुहाचं तेल.
पाच वेशींच्या हरारमध्ये, निळ्या भिंतींच्या बोळात
तिचा लाकडी घाणा.
दोन वर्षं माझी आई तिच्याकडूनच नेत होती,
महिन्याला एक बाटली,
पायाच्या जखमेसाठी.

मी यंत्राला विचारलं.
त्यात वायू वाहतो, तेल वाफ होऊन सुटं होतं,
पडद्यावर एकेक शिखर उभं राहतं.
लिनोलेइक आम्ल भरपूर. ओलेइक बऱ्यापैकी.
पामिटिक, ते असतंच.
आणि थायमोक्विनोन,
ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप,
जिथे डोंगर हवा
तिथे वारुळसुद्धा नाही.
मुंगीने मान वर काढावी एवढंच काहीतरी.
उरलेलं नूग असणार.
कारळ्याचं तेल,
ज्याच्या फुलांनी इथले माळ पिवळे होतात
आणि जे कुणालाही परवडतं.

बाटली तिच्यापुढे ठेवली.
तिने नाकारलं नाही.
बोटं पुसली, कॉफीच्या सालांचा काढा ओतला,
माझ्या पेल्यात दूध जरा जास्त.
"निव्वळ तेल जिबुतीचे व्यापारी नेतात, सिफान.
बोळातल्यांना मी तीन भाग नूग घालून देते.
नाही घातलं तर त्यांच्या घरात
वाससुद्धा जायचा नाही."
"वासाने जखम भरत नाही, अय."
"तुझी आई म्हणायची, लावलं की झोप लागते."

काढा गरम होता. मी तो संपवला.

त्या रात्री फ्रीजरच्या तळातून एक कुपी काढली.
आईच्या पायातला पू, मीच घेतलेला,
तिच्या शेवटच्या रमजानात.
नाव नव्हतं लिहिलं, नुसती तारीख.
त्यातले जंतू जागे केले, खाऊपिऊ घातलं,
नव्या बशीत पसरले,
आणि टिकली ठेवली नमुना पाचची,
अस्सल, एकवीस मिलिमीटरवाल्या तेलाची.

सकाळी झाकण उचललं तर
पिकल्या द्राक्षांचा वास.
आगरावर हिरवट झाक.
स्युडोमोनास.
टिकलीपर्यंत आलेले, टिकलीखाली शिरलेले.
अस्सल तेलालाही त्यांनी भीक घातली नव्हती.

तरी मी पट्टी धरलीच बशीवर.
खूप वेळ.

अहवालात लिहिलं, नमुना सात, भेसळ.
ते खरंच होतं. सही केली.
दुसऱ्या बशीचा आकडा
कुणी मागितलेला नव्हता.
ती दाबाच्या वाफेत टाकली, नियमाप्रमाणे,
एकशे एकवीस अंशांवर,
आणि हात धुतले, दोनदा.
बोटांना वास येतच राहिला,
कलौंजीचा की नुगाचा
ते मात्र कळेना.