साइट नंबर चार, उलवे

रात्री दीड वाजता रजिस्टरमध्ये लिहितो:
माणसं सात, बॅटऱ्या दोन, रेनकोट एक,
पगार...
इथं पेन थांबतं. तिसरा महिना.

वाशीच्या ऑफिसात फोन केला की
एक बाई गोड आवाजात सांगते,
साहेब मीटिंगमध्ये आहेत.
बावीसशे वर्षांपूर्वीही ते मीटिंगमध्येच होते.

हे मला पनवेलच्या रद्दीतल्या पुस्तकानं सांगितलं,
वीस रुपयांत, वरचा पुठ्ठा नसलेलं.
कार्थेजचा एक सेनापती, सिसिलीच्या डोंगरावर.
माथ्यावर रोमन, पायथ्याशी रोमन,
मधल्या उतारावर हा,
आणि समुद्रापलीकडे घरचे शेठ
हिशेब करत बसलेले, की हा परवडतो का.

त्याच्याकडे बेटांवरचे गोफणवाले,
गॉल, इबेरियन, लिबियाचे भालेवाले.
माझ्याकडे गुमल्याचा फुलचंद उरांव,
कोक्राझारचा रणजय बसुमतारी, जिंतूरचा ग्यानोबा घुगे,
आणखी चार.
शिव्या सगळ्यांना सगळ्यांच्या येतात.
डाळ एकाच पातेल्यात शिजते
आणि मिठावरून युद्ध होतं.

सातवा टॉवर आहे तिथं आमचं खाचर होतं.
बापूस बांधावर बसून पाणी राखायचा.
मी सळया राखतो.

शेकोटीपाशी घुगे विचारतो,
"साहेब, तुमच्या सेनापतीनं पगार दिला कुठून?"
शब्द दिला, मी म्हणतो.
"शब्दावर किती दिवस काढले?"
सहा वर्षं. थोडे फुटले. बाकीचे राहिले.
"म्हणजे माणूस भारी होता."

पुढचं प्रकरण मी वाचून दाखवत नाही.
त्यात तह होतो, सेनापती पद सोडतो,
माणसं गलबतांतून कार्थेजला पोचतात,
पैसे मागतात
आणि शेठ म्हणतात, जरा कमी घ्या.
मग दंगा. मग त्यालाच बोलावणं:
तू ओळखतोस त्यांना, तूच आवर.
तो येतो.
हत्ती घेऊन येतो.

आज दुपारी वाशीहून फोन आला,
पहिल्यांदा त्यांच्या बाजूनं.
भोपी, सोमवारी नवी एजन्सी येतेय.
तुमची पोरं गेटवर बसतील, बसू देऊ नका,
तुमचं ऐकतात ती.
तुमचे तीन महिने लगेच काढतो.
फक्त तुमचे.

मी हो म्हटलं नाही.
नाहीही म्हटलं नाही.
रेंज गेल्यासारखा हॅलो हॅलो करत राहिलो.

रणजय राउंडवरून येतो,
खाडीच्या वाऱ्याला रेनकोट घालून.
मराठी त्याला वाचता येत नाही, चित्र बघतो.
"हा हत्ती कोणाच्या बाजूचा?"

गेटपाशी जेसीबी उभा आहे,
सोंड मातीला टेकवून, झोपल्यासारखा.
रात्री त्याची चावी माझ्याकडे असते.