दाब की, निलू

खानापूर रोडला उसाच्या ट्रॉलीमागं अडकले
आणि काच लाल झाली.
वायपर फिरवला तर धूळ जाईना,
चिखलाची दोन अर्धी भाकरी उमटली नुसती.
त्यातून बघत नंदगडपर्यंत
पाव पोचवले, खारी पोचवली,
दर चार-पाच मैलांना उतरून
प्यायच्या बाटलीतलं पाणी काचेवर ओतत.

रविवारी अनगोळात, गल्लीतच, व्हॅन आडवी लावली
आणि बाबांना सांगितलं. म्हणजे ओरडून सांगितलं.
एकतीस वर्षं उद्यमबागेत, फाउंड्रीत,
कास्टिंग घासायच्या ग्राइंडरपाशी.
डावा कान तिथंच राहिला.
उजवा सणासुदीला येतो,
असं ते स्वतःच म्हणतात.

"दाब की, निलू."
मी स्टिअरिंगजवळची दांडी ओढली.
"वाजूलालंय?"
मी मान हलवली, नाही.
"मग माझा कान नव्हं. त्याचाच आवाज गेलाय,"
आणि खूश झाले, जोडीदार मिळाल्यासारखे.

टाकी भरलेली होती.
शेजारच्या सिद्रायनं फ्यूज उपसला,
उन्हाकडं धरला, आतली तार शाबूत.
"छलो ऐती, काका."
कानडी ओठ बाबांना लवकर कळतात,
फाउंड्रीतल्या सगळ्या शिव्या कानडीत होत्या.

डावं चाक वळवलं. आतलं काळं प्लॅस्टिक सोडवताना
तीन खिट्ट्या तुटल्या, चौथी गटारात गेली.
टाकीच्या पोटाला चिकटलेला पंप,
अंगठ्याएवढा, दोन वायरी शेपटीसारख्या.
वायरींना टेस्ट लॅम्प लावला, दांडी ओढली,
दिवा लागला.
करंट दारापर्यंत येतोय
आणि घरातलं कुणी उठत नाही.

मग बाबांनी लांब पेचकस मागितला.
टोक पंपावर, मूठ कानामागच्या हाडावर,
डोळे मिटले.
"दाब."
दाबलं.
"परत."
रस्त्यावर बसलेला माणूस, एक गुडघा चिखलात,
डोक्याला पेचकस लावून;
भाजीवाली थांबली, तिचा हातगाडा थांबला.
"टक्," बाबा म्हणाले.
"एकदाच टक् करतंय आन् बसतंय. मोटार जाम."
माझे दोन्ही कान चांगले आहेत.
मला ते टक् आलं नव्हतं.

फोर्ट रोडच्या दुकानात मुन्नूर नलवत्तु,
घासाघीस करून तीनशे दहा, वर रबराची नवी रिंग.
मी परत आले तोवर जुना पंप उपटलेला,
टाकीतलं सगळं पाणी बाबांच्या बाहीत शिरलेलं,
आणि त्यांच्या बोटावर निळसर दह्यासारखा गाळ.
कपडे धुवायची पावडर. मीच टाकत होते, पुडीपुडीनं,
काच चकचकीत राहावी म्हणून.
ते काही बोलले नाहीत.
बोट तेवढं माझ्यासमोर धरलं, जरा जास्तच वेळ.

टाकी तीनदा विसळली.
रिंग साबणाच्या पाण्यात बुडवून भोकात बसवली,
पंप दाबला, अडला, अंगठ्यानं फिरवून दाबला,
गेला. वायरीची टोपी खट्कन बसली.
"दाब की."

उजव्या भोकातनं पाणी नीट काचेवर आलं.
डाव्यातलं टपावरून पलीकडं उडालं
आणि सिद्रायच्या आईच्या शेवयांवर पडलं.
तिनं जे म्हटलं ते बाबांना ओठांवरून कळलं,
त्यांनी हात जोडले,
मला म्हणाले, टाचणी आण, भोक खाली वळवू.

मी टाचणी घेऊन आले.
ते अजून चाकापाशीच, पेचकस कानामागं.
"आता एकसारखं येतंय," म्हणाले,
"बारीक. चक्कीसारखं, लांबच्या.
परत दाब बघू."
शेवयांचं ताट उचललेलं होतं.
मी दाबलं. परत दाबलं.
टाकी संपली तेव्हा पंप कोरडाच ओरडायला लागला,
तरी त्यांचा हात वर: थांब नको.

जुना पंप त्यांनी संध्याकाळी फोडला.
आतलं लोहचुंबक फ्रीजला चिकटवलंय,
त्याखाली दूधवाल्याचा हिशोब.