एकोणतीस नंबरचा घोटा

पोलावरून पडलो तेव्हा खाली बाभूळ होती,
तिनं झेललं म्हणून वाचलो, एवढंच सगळे सांगतात.
घोट्याचं कोणी सांगत नाही.
बावीस वर्षं झाली. आत दोन स्क्रू होते,
एक काढला, एक राहिला;
हिवाळ्यात तो माझ्या आधी उठतो.

"सांधा झिजला," फोटो उजेडाला धरून डॉक्टर म्हणाले.
"गुडघ्याची झीज घरोघरी. घोट्याची कमी,
म्हणून तिच्यावर कोणी फारसं शोधलंही नाही."
मग रेश्मा खोब्रागडे आली, पाठीवर बॅग,
आणि आठ पानांचा कागद वाचून दाखवू लागली.
मला वाचता येतं. पण तिला वाचू दिलं.
पंखा चालू होता, बाहेर मे महिना होता.

निम्म्या लोकांना औषध, निम्म्यांना मिठाचं पाणी.
सुई सारखी, बाटली सारखी, कापूस सारखा.
कोणाला काय गेलं, ते तिला ठाऊक नसणार,
डॉक्टरला नाही, मलाही नाही.
"चालेल का काका?"
हसू आलं.
पोरी, नव्या पोरांना नोकरीभर हेच सांगत आलो,
तार पाहून कळत नाही.
जिवंत तारेवर आणि मेलेल्या तारेवर
होले सारखेच बसतात.

सही केली. नाव लिहीत नाहीत तिथे,
मी एकोणतीस.
वाईट वाटलं नाही. पोलालाही नंबरच असतो.

फुलवंता म्हणाली, "मिठाचं पानी घ्याले
पासष्ट किलोमीटर जाता? घरी काय मीठ नाही?"
गुलाब कोवे म्हणाला, "पैसे किती भेटते?"
बसभाडं. आणि एक चहा.
"मंग काऊन जातं बे?"
तेव्हा उत्तर सुचलं नाही.

दर दुसऱ्या मंगळवारी आर्वीची बस.
तिथे पिवळ्या पट्ट्या मारलेली फरशी आहे,
सहा मिनिटं तिच्यावरून ये-जा करायची,
रेश्मा घड्याळ धरून बाजूला.
मग कागदावर एक रेघ:
या टोकाला काहीच नाही, त्या टोकाला सहन न होणारं.
"तुमचं दुखणं कुठे, खूण करा."
पेन धरून तसाच बसलो.
पडल्यावर मला मीटर वाचायला टाकलं होतं,
तीन गावांचे आकडे मी वाचले,
स्वतःचा कधी वाचला नव्हता.

धुऱ्यावरून उतरणं, सात.
संडासातून उठणं, आठ.
नातीला खांद्यावर घेऊन शाळेच्या फाटकापर्यंत,
ते लिहिलं नाही. ते मी नेतोच.

चौथ्या महिन्यात सातचे चार झाले.
"औषधच भेटलं तुमाले," फुलवंता म्हणाली,
आणि त्या दिवशी भाजीत तेल जरा जास्त पडलं.
सहाव्या महिन्यात पुन्हा सात.

रेश्माचा चेहरा पडला, तिनं तो लगेच उचलला.
"चारच लिहू का?" मी विचारलं. "तुझं काम बरं दिसेल."
"नका काका."
एवढंच म्हणाली, आणि पेन माझ्याकडे सरकवला.

बसमध्ये वासुदेव आठवला.
सबस्टेशनवरून कोणीतरी म्हणालं होतं, बंद केली, चढ.
केली नव्हती.
त्यानं विचारलं होतं दोनदा,
दोन्ही वेळा तेच ऐकलं.

पाकिटं पुढच्या वर्षी उघडतील.
माझ्यात मीठ होतं का औषध, तेव्हा कळेल,
तोवर बहुधा उजवाही बोलू लागेल.

गुलाबचा पोरगा यंदा लाइनवर लागला.
काल आमच्या कोपऱ्यावर फ्यूज टाकला त्यानं,
आणि शेवटचे चार हात
उतरला नाही, उडीच मारली.
"सावकाश बे!" मी ओट्यावरून ओरडलो.
तो हसला, सायकल घेतली, गेला.
धुळीत दोन टाचांचे खड्डे राहिले,
डावा जरा खोल.